१९६६ ची कॉर्व्हेर परत मिळवताना: रेझिन कामाच्या नोंदी

६ जानेवारी

एएमटी या प्लास्टिक मॉडेल किट बनवणाऱ्या कंपनीची १/२५ स्केलमधली (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी) शेवरले कॉर्व्हेर आजही नव्या डब्यात मिळते, पण ती १९६९ ची. मला पाहिजे १९६६ ची. वरवर बघितलं तर दोन्ही सारख्याच, पिढी एकच, छप्पर तेच, काचा त्याच. पण अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलपासून गाडीच्या कडेला साइड मार्कर दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले, त्यामुळे १९६९ च्या बॉडीवर पुढे मागे ते चौकोन आलेत आणि हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत जाणारी ती स्वच्छ सलग कड मधेच तुटते. या गाडीचं सगळं सौंदर्य त्या कडेत आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा खटाटोप.

कंपनी १९६६ चीच का काढत नाही हा प्रश्न सगळेच विचारतात. एएमटीने १९५८ पासून दरवर्षीच्या नव्या गाड्यांच्या किट काढायला सुरुवात केली, त्यांना अ‍ॅन्युअल म्हणतात. दरवर्षी नवा साचा बनवणं परवडणारं नव्हतं, म्हणून खऱ्या गाडीत जेवढा बदल झाला तेवढाच त्याच साच्यात करायचे, आणि १९६७ चा साचा तयार झाला की १९६६ चा संपला. आता यात एक गोष्ट लक्षात घ्या, प्लास्टिकवर उंचवटा हवा असेल तर साच्याचं स्टील कोरावं लागतं, ते सोपं. पण तोच उंचवटा नंतर नको झाला तर कोरलेली जागा वेल्डिंगने भरून परत घासावी लागते, ते महाग आणि कटकटीचं. म्हणजे मार्कर दिवे घालणं सोपं होतं, काढणं अवघड. त्यामुळे आज १९६६ ची बॉडी शिल्लक आहे ती फक्त त्या काळी विकल्या गेलेल्या प्लास्टिकमध्ये, कुणाच्या तरी माळ्यावर, रंग फासलेली, गोंदाने बरबटलेली.

बेत असा: जुनी बॉडी मिळवायची, साफ करायची, तिच्यावरून सिलिकॉनचा साचा, त्यातून रेझिनची (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) बॉडी, आणि खाली चॅसी, काचा, इंजिन नव्या रीइश्यूचं, म्हणजे आज मिळणाऱ्या त्या १९६९ च्या किटचं. वंश एकच असल्याने बसायला पाहिजे.

१९ जानेवारी

बॉडी आली. ग्लू बॉम्बच आहे, म्हणजे लहान मुलाने ट्यूबमधला गोंद मनसोक्त लावून जोडलेली. मुद्दाम अशीच घेतली. सीलबंद जुनी किट याच्या कितीतरी पट महाग असते आणि डबा फोडला की तिची किंमत तिथेच खाली येते, शिवाय असा न उघडलेला डबा साच्यासाठी फोडणं मला पटत नाही, ते तसेच राहू देत. मास्टर, म्हणजे साचा काढायचा मूळ नमुना, म्हणून आपल्याला फक्त बॉडी लागते.

घेण्याआधी विकणाऱ्याकडून जे फोटो मागून घेतले ते सांगतो, कारण इथेच पैसे वाचतात किंवा बुडतात. पहिलं म्हणजे चाकांच्या कमानी, कारण त्या काळात मोठे टायर बसवायला गरम सुरीने कमानी कापायची फार सवय होती आणि कापलेली कमान मूळ आकारात आणणं म्हणजे नव्याने शिल्पकाम. दुसरं, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूचे खांब. तुटलेले चालतात, नसलेलेही चालतात, पण मुरडलेले नकोत, कारण मुरडले म्हणजे छप्पर हललंय. तिसरं, फेंडरवरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावरची, उठावदार अक्षरं, त्यांच्यावरून कुणी सॅंडपेपर फिरवला असेल तर घेऊच नका, ती अक्षरं हाताने परत येत नाहीत. माझ्या बॉडीचा डावा खांब तुटलाय, बाकी कमानी शाबूत आणि अक्षरं रंगाखाली चाचपडता येतात.

आणखी एक, गाड्यांच्या डीलरकडे जाहिरात म्हणून वाटायला असलेले जुने प्रोमो मॉडेल स्वस्तात दिसले म्हणून मास्टरसाठी उचलू नका. सुरुवातीच्या वर्षांतले प्रोमो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असत आणि ते प्लास्टिक काळानुसार आपोआप वाकडं होतं. किटचं स्टायरीन तसं वागत नाही.

२५ जानेवारी

सुटी करायचं काम. बॉडी पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, गारठल्यावर जुना ट्यूबचा गोंद ठिसूळ होतो, मग सांध्यात पातळ ब्लेड सरकवून हलकं पिळलं की कट आवाज येऊन सुटतो. चॅसी सुटली, इंटिरियर सुटलं. समोरची काच सुटली नाही. तिथे गोंदाने दोन्ही प्लास्टिक विरघळवून एकजीव केलंय, तिथे थंडी काही करत नाही. काच रीइश्यूमधली वापरणारच आहे त्यामुळे तिचा बळी द्यायचा ठरवलं, मधून कापून काढली आणि कडेला चिकटलेली पट्टी नंतर घासायला ठेवली. बॉडी वाचवायची की काच हे आधीच ठरवलेलं असलं की हात थरथरत नाही.

टायरांनी मात्र घात केलाय. जुने टायर व्हिनाइलचे, त्यांना मऊ ठेवायला जो प्लास्टिसायझर घालतात तो वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतो आणि ज्या स्टायरीनला टेकेल ते विरघळवतो. एक टायर सुटून आत छपराला टेकून पडलेला होता बहुतेक कित्येक वर्षं, तिथे टायरच्या नक्षीसकट खड्डा उमटलाय. नशिबाने आतल्या बाजूला. तुमच्याकडे जुन्या किट असतील तर आजच डबे उघडून टायर वेगळ्या पिशवीत घाला, हे काम उद्यावर ढकलू नका, मी विंडशील्डला टायर टेकून दोन्ही वाया गेलेले डबे बघितलेत.

२ फेब्रुवारी

रंग काढणं. दोन थर निघाले, वर इनॅमल, खाली लॅकर. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवलं, इनॅमल दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने सालपटासारखं निघालं. लॅकर हटेना. परत बुडवा, परत घासा, असा आठवडा गेला. जुने लोक ब्रेक फ्लुइड सांगतात, काम करतं पण काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होतं आणि ते हाताळायलाही वाईट, एकमेव बॉडीवर मी ते वापरणार नाही. अ‍ॅसिटोन आणि थिनर तर जवळपासही नको, बॉडीच विरघळेल.

बंपरचा जुना क्रोम घरगुती ब्लीचमध्ये काही मिनिटांत उतरला, खाली पिवळट लॅकरचा थर राहतो तो वेगळा काढावा लागतो. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ब्लीच आणि अल्कोहोल एका डब्यात कधीच आणू नका, त्यातून क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. अमोनिया किंवा अ‍ॅसिड असलेला क्लीनर ब्लीचमध्ये पडला तर विषारी वायू. डबे वेगळे, दिवस वेगळे, मध्ये भाग पाण्याने खळखळून धुवायचा.

रंग गेल्यावर अक्षरं दिसली. उजव्या फेंडरवर प्रकाश तिरका पाडला की एकेक अक्षर वाचता येतं, इतकं बारीक कोरीवकाम त्या काळच्या कारागिराने हाताने स्टीलमध्ये उलटं कोरलं असेल याचा विचार करत बराच वेळ नुसता बघत बसलो.

१६ फेब्रुवारी

मास्टर दुरुस्ती. खांब स्टायरीनच्या रॉडने नवा केला, उजव्या खांबावरून जाडी मोजून. ओरखडे, गोंदाचे ओघळ, काचेची उरलेली पट्टी हे सगळं घासून काढलं, पण अक्षरांच्या भोवती सॅंडपेपर नेलाच नाही, तिथे टूथपिकच्या टोकाने पॉलिश लावून चोळलं. दरवाज्याच्या रेघा लॅकरने बुजलेल्या होत्या त्या स्क्रायबरने हलक्या हाताने परत उघडल्या. रेघ थोडी खोल ठेवा, कारण साचा, मग कास्टिंग (साच्यात रेझिन ओतून काढलेली प्रत), मग प्रायमर आणि रंग, प्रत्येक टप्प्यावर ती थोडी बुजते.

शेवटी एक पातळ ग्रे प्रायमर. साच्यासाठी नाही, डोळ्यासाठी. नितळ पांढऱ्या प्लास्टिकवर दोष दिसत नाहीत, ग्रेवर लगेच दिसतात, आणि मास्टरवरचा प्रत्येक दोष प्रत्येक कास्टिंगवर जसाच्या तसा येणार.

१ मार्च

पहिला सिलिकॉन ओतला आणि वाया गेला. बॉडीला आधार द्यायला आणि खिडक्या बंद करायला जी क्ले लावली होती तिच्यात गंधक होतं. प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या रसायनाने घट्ट होणारं, गंधकाला टेकलं की तिथे घट्ट होतच नाही, बाकीचा साचा रबर झालेला आणि क्लेच्या कडेने सगळीकडे चिकट मधासारखा थर. तो थर मास्टरवरून काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि सिलिकॉन गेलं ते गेलंच. या सगळ्या प्रकल्पात निम्म्याहून जास्त खर्च सिलिकॉनचाच आहे, त्यामुळे हा फटका लहान नाही.

पर्याय दोन होते. टिन क्युअर सिलिकॉनला गंधकाने काही होत नाही आणि ते स्वस्तही आहे, पण ते काळानुसार आकसतं आणि साचा लवकर म्हातारा होतो. मला बॉडी दुसऱ्या किटच्या चॅसीवर बसवायची आहे म्हणजे मापात तडजोड नको, म्हणून प्लॅटिनमवरच राहिलो आणि सल्फर फ्री क्ले मागवली. लेटेक्सचे हातमोजे पण बाद, त्यांनीही हेच होतं, नायट्राइलचे घाला. आणि काहीही नवीन वापरायच्या आधी, मग ती क्ले असो, प्रायमर असो की पुटी, त्याच्या तुकड्यावर सिलिकॉनचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. थेंब सकाळी कोरडा असेल तरच पुढे.

९ मार्च

दुसरा साचा, या वेळी नीट. बॉडी पोकळ आहे म्हणून दोन भाग: आधी आतला गाभा, मग बाहेरचं कवच. बॉडी उलटी ठेवून खिडक्या क्लेच्या पातळ पडद्याने आतल्या कडेला बंद केल्या, सिलच्या, म्हणजे दाराखालच्या कडेच्या, रेषेपर्यंत आत सिलिकॉन ओतलं, वरच्या कडेला खाचा ठेवल्या म्हणजे दोन भाग परत त्याच जागी बसतील. ते घट्ट झाल्यावर क्ले काढली, गाभ्याच्या उघड्या पृष्ठभागावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात, आणि मग बाहेरचं. व्हॅसलिन विसरलात तर सिलिकॉन सिलिकॉनला कायमचं चिकटतं आणि बॉडी आत कैद. उलट व्हॅसलिन जास्त झालं तर ब्रशचे फराटे साच्यात उमटतात, म्हणून लावून मग कोरड्या ब्रशने पुसून घेतलं.

ओतताना एका कोपऱ्यातून, बारीक धारेने, उंचावरून. पातळी आपोआप चढू द्यायची. अक्षरांवर आणि दाराच्या हॅंडलवर आधीच ब्रशने एक थर टिपून घेतला.

१५ मार्च

पहिली कास्टिंग. पॉलियुरेथेन रेझिन, दोन भाग सारखे, मिसळल्यावर हातात जेमतेम दोन तीन मिनिटं. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, कार्ट्रिजवाला मास्क, कारण एका भागात आयसोसायनेट असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते.

बॉडी पूर्ण आली नाही. दोन्ही खांब अर्धवट, छपराच्या कडेच्या पन्हाळीवर बुडबुडे. कारण सरळ आहे, साचा उलटा भरतोय आणि हवा त्या बारीक खांबांत अडकतेय, तिला वाटच नाही. साच्यात खांबांच्या टोकाकडून बाहेर ब्लेडने बारीक व्हेंट कापले, आणि साच्यात टाल्कम पावडर ब्रशने फिरवून झटकली, पावडरमुळे रेझिन कोपऱ्यात ओढलं जातं. पुढच्या खेपेला खांब आले.

मग प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे दाबाने हवा भरलेल्या बंद भांड्यात, ४० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) करून बघितलं म्हणजे उरलेले बुडबुडेही दाबले जातील. बुडबुडे गेले, पण बॉनेटवर नवीन बारीक पुटकुळ्या आल्या! आधी कळेना, रेझिनमध्ये तर काही नाही. नंतर साचा आडवा कापलेल्या एका जुन्या तुकड्यावरून उलगडलं: सिलिकॉन ओतताना पृष्ठभागाखाली हवेचे कण राहिले होते, साध्या हवेत ते निरुपद्रवी, पण दाबाखाली ते आकसतात, वरची रबरी कातडी आत खचते आणि त्या खड्ड्यात रेझिन भरतं. म्हणजे कास्टिंग दाबाखाली करायचं असेल तर सिलिकॉनही दाबाखालीच घट्ट करायला हवं. हा साचा तसा केलेला नाही, त्यामुळे याच्यातून दाबाशिवायच काढणार आणि पन्हाळीवरचे एकदोन बुडबुडे पुटीने भरणार. आणि पॉट त्या दाबासाठी बनवलेलाच घ्या, घरगुती भांड्याला नळी लावून हे करू नका, झाकण उडालं तर माणूस जातो.

एक दिवस रेझिन फेसाळून वर आलं, स्पंजासारखं. बाटली आदल्या दिवशी नीट बंद नव्हती, हवेतला ओलावा आत गेला. ती बाटली फेकली. दमट दिवसात साचा आधी कोमट करून कोरडा करून घ्या आणि बाटल्या उघड्या ठेवू नका.

३० मार्च

फिटिंग. खऱ्या कॉर्व्हेरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०८ इंच, म्हणजे १/२५ मध्ये १०९.७ मिलिमीटर, हे एक माप कागदावर लिहून समोर चिकटवा, सगळं त्यावरून तपासता येतं. मास्टर बरोबर. रीइश्यूची चॅसी बरोबर. रेझिनची बॉडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आखूड, आणि खालच्या बाजूने दोन्ही सिल बाहेर फाकलेल्या.

आखूडपणा रेझिनचा स्वभाव आहे, घट्ट होताना तापतं आणि गार होताना आकसतं, तेवढं चॅसीच्या टोकाला कानस मारून निभावलं. फाकणं मात्र गरम असतानाच घाईने साच्यातून काढण्याचं फळ, रेझिन बाहेरून कडक वाटतं पण तासभर तरी मऊच असतं. आता बॉडी रात्रभर साच्यात ठेवतो. आधीच्या फाकलेल्या बॉड्या गरम पाण्यात बुडवून मऊ केल्या, हाताने आत दाबून रीइश्यूच्या चॅसीवर बांधल्या आणि गार होईपर्यंत तशाच ठेवल्या, सरळ झाल्या.

काचा बसल्या. पहिल्यांदा बसवून बघितल्या तेव्हा एका बाजूने उचललेल्या राहत होत्या, आत रेझिनची जाडी जास्त होती, तेवढी घासली आणि चपखल. छप्पर त्या साच्यात इतकी वर्षं बदललं नव्हतं याचा हा फायदा, काच नव्याने व्हॅक्युम फॉर्म करायची (गरम प्लास्टिक हवा ओढून साच्यावर बसवायची) वेळ आली असती तर काम दुप्पट झालं असतं.

१३ एप्रिल

बंपर आणि डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं). रेझिनच्या बंपरवर कारखान्यासारखा व्हॅक्युम क्रोम घरी होणार नाही. काळा ग्लॉस अगदी गुळगुळीत मारून, पूर्ण वाळवून, त्यावर क्रोम इंक एअरब्रशने धुक्यासारखी पातळ. काळ्यावर धुळीचा एक कण असेल तर तो आरशात दिसतो, म्हणून झाकून वाळवा. खिडक्यांच्या कडांना फॉइल. अक्षरांवर प्रायमरच्या आधीच फॉइलचा तुकडा दाबून बसवला, वर रंग मारला, मग ओल्या रंगावर नाही तर थोडा वाळल्यावर थिनरच्या काडीने फक्त अक्षरांच्या माथ्यावरचा रंग पुसला. खालून चकाकी वर येते आणि अक्षरं हाताने रंगवल्यासारखी जाडी होत नाहीत. जुन्या अक्षरांसाठी यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही.

जुन्या डब्यातली डिकल शीट पिवळी पडली होती. वापरायच्या आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवली, मग पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवली, पिवळेपणा बराच उतरला. पण पाण्यात टाकल्यावर जुनं डिकल तुकडे होऊन फुटतं, म्हणून एका कोपऱ्यातल्या नको असलेल्या नंबरावर आधी प्रयोग करा. माझं फुटलं. आता स्कॅनवरून क्लिअर शीटवर छापणार.

२० एप्रिल

एक गोष्ट पहिल्या कास्टिंगपासून करायला हवी आणि मी करतोय: छपराच्या आत, जिथे हेडलायनर (छपराचं आतलं अस्तर) येतो, तिथे साच्याच्या गाभ्यातच एक खूण आणि वर्ष कोरलंय. प्रत्येक प्रतीवर ती उमटते. रेझिन वजनाने आणि आवाजाने ओळखू येतं हे जाणकारांसाठी ठीक आहे, पण रंगवलेली बॉडी हातोहात फिरत फिरत कुणा नव्या संग्राहकाकडे मूळ १९६६ ची म्हणून जाऊ नये. या प्रती मी विकत नाही, नाव आणि डिझाइनचे हक्क गाडी बनवणाऱ्या आणि किट बनवणाऱ्या कंपन्यांचे आहेत आणि ते लायसन्स घेऊन रीइश्यू काढतात म्हणूनच मला चॅसी आणि काचा मिळाल्या. एएमटी आज राउंड २ या कंपनीकडे आहे. २०१८ मध्ये हॉबिको, म्हणजे रेव्हेल आणि मोनोग्राम या किट ब्रँडची मालक कंपनी, दिवाळखोरीत गेल्यावर त्यांचे बरेच जुने साचे अटलांटिस या किट कंपनीने घेतले, त्यातून किती किट परत आल्या बघा. कंपनीकडे साचा शाबूत असेल तर रेझिनच्या भानगडीत पडूच नका, वाट बघा आणि विकत घ्या. जे स्टीलमधून कायमचं गेलंय तेवढ्यासाठीच हे काम.

२७ एप्रिल

साच्याच्या खांबाजवळची कड फाटायला लागली, तिथलं सिलिकॉन सगळ्यात पातळ. अजून काही बॉड्या निघतील, मग बंद. मास्टरवरून नवा साचा करताना या वेळी सिलिकॉन प्रेशर पॉटमध्येच घट्ट करणार, म्हणजे कास्टिंगही दाबाखाली घेता येईल आणि पन्हाळीची पुटी वाचेल. पॉटच्या आत मावेल असा साच्याचा डबा आधी कापून घेतलाय, बॉडी तिरकी ठेवली तर मावते, सरळ ठेवली तर मागचा बंपर झाकणाला लागतो.